कीटकांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची ओळख आणि नव्या प्रजातीचे वर्णन: मातीच्या पिशवीपासून टाइप नमुन्यापर्यंत

उसाच्या मुळाशी मेलेली हुमणी सापडते, ती फोडल्यावर आत सूत्रकृमी वळवळताना दिसतात, जनुकीय विदापेढीत जुळणी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर थांबते आणि तेवढ्या आधारावर ‘नवी प्रजाती’ असे शीर्षक ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत हा क्रम इतक्या वेळा दिसतो की संपूर्ण प्रक्रिया एकदा क्रमाने लिहून ठेवणे गरजेचे वाटले. या कामातील बहुतेक चुका सूक्ष्मदर्शकाखाली होत नाहीत. त्या त्याआधीच, म्हणजे माती गोळा करताना, शुद्ध वाण वेगळे करताना आणि यजमान अळ्या निवडताना होतात, आणि पुढे कितीही काटेकोर मोजमाप केले तरी त्या भरून निघत नाहीत. नवी प्रजाती सांगणे म्हणजे आधी ती कोणत्याही जुन्या प्रजातीत बसत नाही हे दाखवणे होय. म्हणून खालील टप्प्यांचा क्रम बदलू नये.

हा लेख स्टाइनरनेमा आणि हेटेरोरॅब्डायटिस या दोन प्रजातिसमूहांपुरता (जीनसपुरता) आहे, कारण मातीत अळ्या सोडून सूत्रकृमी पकडण्याच्या आमिष पद्धतीने या भागातील मातीतून मिळणारे आणि खरोखर कीटक मारणारे सूत्रकृमी प्रामुख्याने याच दोहोंतील असतात.

टप्पा १: परवानगी आणि पूर्वतयारी

खासगी शेतातील मातीसाठी शेतकऱ्याची संमती पुरते. खानापूर तालुक्यातील वनक्षेत्रात, विशेषतः भीमगड अभयारण्यात, मूठभर माती उचलण्यासाठीही कर्नाटक वन विभागाची लेखी परवानगी आधी लागते, आणि तिचा क्रमांक पुढे शोधनिबंधात द्यावा लागतो. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा आणि पोच घ्यावी. जैवविविधता कायदा २००२ नुसार नवी प्रजाती किंवा नवा वर्गीकरण-गट आढळल्यास त्याची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवणे आणि तेथे नमुने जमा करणे बंधनकारक आहे. परदेशी सहकाऱ्याकडे जिवंत वाण पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचावेत. ही कागदपत्रे शेवटी जमवू म्हटले तर तयार झालेला निबंधही अडकून पडतो.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी आधी सिद्ध हव्यात. पहिली गोष्ट म्हणजे मेणकिड्याच्या, म्हणजे मधमाशांच्या जुन्या पोळ्यांवर पडणाऱ्या पतंगाच्या, शेवटच्या अवस्थेतील एकसारख्या आकाराच्या अळ्यांची सलग पैदास. दुसरी गोष्ट म्हणजे २५ अंश सेल्सिअस तापमान स्थिर राखणारे इनक्युबेटर आणि त्यात कमाल-किमान नोंदवणारा तापमापक. वीज जाते त्या दुपारी इनक्युबेटरच्या काचेवरचा आकडा काहीच सांगत नाही, आत प्रत्यक्षात किती तापले होते हे या तापमापकावरूनच कळते.

टप्पा २: माती गोळा करणे

योग्य काळ म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यापासून थंडी सुरू होईपर्यंतचा. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात भर पावसात चिखल उचलण्यात अर्थ नाही, आणि अथणी-रायबागकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळल्यावर तिच्या वरच्या थरात फारसे काही हाती लागत नाही. वाफसा असलेली जमीन सर्वांत चांगली. उसाचा खोडवा, काजूच्या बागा, भाताचे न नांगरलेले बांध आणि नदीकाठचे मळे अशा कमी ढवळल्या जाणाऱ्या जागा निवडाव्यात. मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या काठच्या उसात हुमणी असतेच, त्यामुळे तिथे यजमान कीटकाचा पुरवठा कायम असतो.

एका ठिकाणाहून पाच ते सहा जागी १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी आणि साधारण एक किलोचा नमुना पिशवीत भरावा. दोन ठिकाणांच्या मध्ये खुरपे किंवा गिरमिट धुऊन स्पिरिटने पुसावे. पिशव्या सावलीत ठेवाव्यात, गाडीच्या काचेमागे किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नयेत, आणि आठवड्याच्या आत आमिष लावावे.

प्रत्येक पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी. तिच्यावर गाव, तालुका, सर्व्हे नंबर, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पीक, मातीचा प्रकार, तारीख आणि शेतकऱ्याने अलीकडे टाकलेले कीटकनाशक यांची नोंद असावी. आपल्याकडे एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत आढळतात, आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाल्याने जुन्या व नव्या नकाशांत वेगळी लिपी आणि वेगळी वर्णरचना दिसते. प्रकारस्थळ, म्हणजे ज्या जागेवरून नवी प्रजाती वर्णिली ती जागा, अक्षांश-रेखांशाशिवाय लिहिल्यास पुढच्या संशोधकाला तिथे पुन्हा पोहोचता येत नाही.

*तपासणी:* पिशवी बंद करण्यापूर्वी चिठ्ठी मोठ्याने वाचा. सोबतच्याला ती ऐकून जागा सापडेल का, हा निकष.

टप्पा ३: आमिष लावणे

सुमारे २५० ग्रॅम माती प्लास्टिकच्या डब्यात घ्यावी, कोरडी वाटल्यास थोडे निर्जंतुक पाणी शिंपडावे, मेणकिड्याच्या पाच-सहा अळ्या सोडाव्यात, झाकण लावून डबा उलटा ठेवावा आणि अंधारात २५ अंशांवर ठेवून द्यावा. तिसऱ्या दिवसापासून दर दोन दिवसांनी तपासावे आणि मेलेल्या अळ्या काढून घ्याव्यात. दहा दिवसांनंतर त्याच मातीत ताज्या अळ्या घालून दुसरी फेरी करणे फायद्याचे ठरते, कारण सुप्त असलेले सूत्रकृमी पहिल्या फेरीत हलत नाहीत.

यातला सर्वांत दुर्लक्षित डबा म्हणजे नियंत्रणाचा. निर्जंतुक केलेल्या मातीत त्याच तुकडीतील अळ्या ठेवाव्यात. तिथेही अळ्या मेल्या आणि त्यांतून सूत्रकृमी निघाले, तर संसर्ग शेतातून आलेला नसून आपल्या पैदास खोलीतून आलेला आहे, आणि त्या तुकडीची सर्व निरीक्षणे बाजूला ठेवावी लागतात.

मेलेल्या अळीचा रंग आणि वास पहिली दिशा दाखवतात. स्टाइनरनेमाने मेलेली अळी साधारणतः पिवळसर तपकिरी ते करडी होते, तर हेटेरोरॅब्डायटिसने मेलेली विटकरी किंवा जांभळट लाल होते आणि पूर्ण अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर मंद उजळलेली दिसते. हा उजेड तिच्यातील फोटोरॅब्डस या जिवाणूचा असतो. दोन्ही प्रकारांत अळी सडल्यासारखी घाण मारत नाही. काळी पडून पाणी सुटलेली आणि दुर्गंधी येणारी अळी बहुधा दुसऱ्याच कारणाने मेलेली असते.

टप्पा ४: शुद्ध वाण वेगळा करणे

मेलेली अळी सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवावी, तीन-चार दिवस ओलसर गाळणकागदावर ठेवावी आणि मग व्हाइट ट्रॅपवर न्यावी. त्यासाठी मोठ्या पेट्री बशीत लहान बशी उपडी ठेवून तिच्यावर ओला गाळणकागद अंथरावा, कागदावर अळी ठेवावी आणि भोवती कागदाच्या कडेला टेकेल एवढेच पाणी घालावे. दहा ते पंधरा दिवसांत संसर्गक्षम तिसरी अवस्था पाण्यात उतरते. प्रयोगशाळेत तिला ‘आयजे’ म्हणतात, आणि पुढे मीही तेच वापरतो.

एका मातीत दोन प्रजाती असू शकतात, एकाच अळीतही असू शकतात. म्हणून सर्व मेलेल्या अळ्यांचे आयजे एका भांड्यात ओतण्याची घाई करू नये. प्रत्येक अळीचा वाण वेगळ्या क्रमांकाने वाढवावा, आणि त्यातून पुन्हा एका-एका अळीवरून दोन-तीन पिढ्या घ्याव्यात.

यानंतर रोगकारकता सिद्ध करावी लागते. धुतलेले आयजे, प्रत्येक अळीमागे ५० ते १००, ताज्या अळ्यांवर सोडावेत. अळ्या दोन-तीन दिवसांत मेल्या, त्यांत तेच सूत्रकृमी वाढले आणि त्यांतून पुन्हा तेच आयजे निघाले, तरच काम पुढे न्यावे.

*इशारा:* मेलेल्या कीटकावर जगणारे ऱ्हॅब्डायटिस, ओशेयस आणि डिप्लोगॅस्टर गटांतील सूत्रकृमी आमिषात हमखास येतात. हुमणीच्या भुंगेऱ्यांबरोबर फिरणारे काही तर यजमान नैसर्गिकरीत्या मरेपर्यंत वाट पाहतात. शरीरात सूत्रकृमी आढळणे आणि सूत्रकृमीने कीटक मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतो.

आयजे ठेवताना उबदार भागातील वाणांना चार-पाच अंशांच्या फ्रिजमध्ये कोंडू नये. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका त्यात लवकर मरते. उथळ पाण्यात किंवा ओल्या स्पंजावर, १२ ते १५ अंशांवर ती अधिक टिकते.

टप्पा ५: मोजमापाआधी डीएनए

हा टप्पा अनेक जण शेवटी ठेवतात. मी तो आधी ठेवतो, कारण महिनाभर स्लाइडी मोजल्यावर वाण ओळखीचाच निघाला तर ती मेहनत केवळ नोंदीपुरती उरते.

एकेक मादी किंवा उभयलिंगी प्रौढ वेगळी घेऊन प्रोटिनेज-के असलेल्या विघटन द्रावणात तिचा डीएनए मिळवावा. फॉर्मेलिनमधील नमुने यासाठी उपयोगाचे नाहीत, म्हणून वाण शुद्ध होताच काही जिवंत नमुने अल्कोहोलमध्ये वेगळे काढून ठेवावेत. केंद्रकीय राइबोसोमल डीएनएतील आयटीएस भाग आणि २८ एसमधील डी-२ डी-३ भाग हे नेहमीचे दोन. त्यांच्या जोडीला मायटोकाँड्रियातील सीओ-१ असल्यास निष्कर्ष अधिक भक्कम होतो. क्रमवाचन दोन्ही दिशांनी आणि किमान दोन-तीन वेगवेगळ्या व्यक्तींवरून करावे. आयटीएसच्या आलेखात एकावर एक शिखरे दिसली तर ती खोडून ‘स्वच्छ’ करू नयेत. एकाच प्राण्यात आयटीएसच्या किंचित वेगळ्या प्रती असू शकतात, आणि मग क्लोनिंग करावे लागते.

विदापेढीतील सर्वांत वरची जुळणी म्हणजे उत्तर नव्हे. तेथे चुकीच्या नावाने भरलेले अनुक्रम आहेत. तुलना नेहमी मूळ वर्णनाशी जोडलेल्या, टाइप वाणाच्या, म्हणजे ज्यावरून ती प्रजाती वर्णिली त्या वाणाच्या, अनुक्रमाशी करावी, जवळच्या सर्व प्रजाती एकत्र घेऊन वंशवृक्ष बांधावा, आणि आपला वाण त्यात कुठे बसतो ते पाहावे. अठ्ठ्याण्णव किंवा सत्त्याण्णव टक्के ही कोणतीही जादूची रेषा नाही. काही प्रजातींत अंतर्गत फरकच तेवढा असतो.

*तपासणी:* आपल्या पट्ट्यात उष्ण सखल जमिनीतून हेटेरोरॅब्डायटिस इंडिका निघण्याची शक्यता मोठी आहे. ही प्रजाती १९९२ साली कोइमतूरच्या नमुन्यांवरून वर्णिली गेली. लाल अळी दिसताच उत्साहित होण्याआधी तिच्याशी तुलना संपवा. स्टाइनरनेमाच्या बाबतीत अब्बासी, सियामकायाय, कार्पोकॅप्सी आणि हर्मॅफ्रोडिटम या चौघींशी तुलना आधी करा.

दिल्लीच्या मातीतून २००० साली वर्णिलेली स्टाइनरनेमा थर्मोफायलम पुढे ओमानमधील १९९७ च्या स्टाइनरनेमा अब्बासीशी एकरूप मानली गेली, आणि ते नाव पर्यायी नाव म्हणून उरले. अनुभवी तज्ज्ञांच्या बाबतीत हे होते, तर नवख्याने किती सावध राहावे ते वेगळे सांगायला नको.

टप्पा ६: योग्य पिढी योग्य दिवशी काढणे

इथे निबंध सर्वाधिक बिघडतात. एकाच वाणाची पहिली आणि दुसरी पिढी आकाराने खूप वेगळी असते, आणि यजमान अळी लहान असली, आत सूत्रकृमींची गर्दी झाली किंवा तापमान बदलले तर मापे बदलतात. म्हणून एकसारख्या वजनाच्या अळ्या, प्रत्येकी शंभरच्या आसपास आयजे आणि २५ अंश ही परिस्थिती ठरवून ती निबंधात लिहावी.

स्टाइनरनेमामध्ये पहिल्या पिढीचे नर-मादी संसर्गानंतर साधारण तीन ते पाच दिवसांत आणि दुसऱ्या पिढीचे त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मिळतात. हेटेरोरॅब्डायटिसमध्ये पहिली पिढी उभयलिंगी असते आणि नर दुसऱ्या पिढीत दिसतात. पहिल्या पिढीत नर नाहीत म्हणजे हेटेरोरॅब्डायटिसच, असे मात्र समजू नये. स्टाइनरनेमा हर्मॅफ्रोडिटममध्येही पहिली पिढी उभयलिंगी असते.

अळी रिंगर द्रावणात किंवा सलाइनमध्ये फोडावी. साध्या पाण्यात प्रौढ सूत्रकृमी फुगून फुटतात. मोजमापासाठीचे आयजे व्हाइट ट्रॅपमध्ये उतरू लागल्यापासून पहिल्या आठवड्यातीलच घ्यावेत. उशिरा निघणारे आयजे बऱ्याचदा आखूड असतात आणि सरासरी खाली ओढतात.

टप्पा ७: मारणे, टिकवणे, स्लाइड करणे

थंड फॉर्मेलिन ओतल्यास सूत्रकृमी पिळवटतात आणि त्यांची लांबी मोजता येत नाही. सुमारे ६० अंशांच्या गरम रिंगर द्रावणाने ते सरळ राहून मरतात. उकळते द्रावण वापरल्यास आतील ऊती विस्कटतात. त्यानंतर नमुने टीएएफ या टिकवण द्रावणात ठेवावेत. ते करताना सात भाग फॉर्मेलिन, दोन भाग ट्रायइथेनॉलअमाइन आणि एक्क्याण्णव भाग पाणी घ्यावे.

ग्लिसरिनमध्ये नेण्यासाठी साइनहॉर्स्ट पद्धत वापरतात. आधी अल्कोहोल, थोडे ग्लिसरिन आणि पाणी यांच्या द्रावणात नमुने ठेवून ते भांडे अल्कोहोलच्या वाफेने भरलेल्या बंद पात्रात, ३५ ते ४० अंशांवर, रात्रभर ठेवावे. नंतर पाच भाग ग्लिसरिन आणि पंच्याण्णव भाग अल्कोहोल घालून अर्धवट झाकून अल्कोहोल हळूहळू उडू द्यावे. पावसाळ्यात आपल्याकडील हवेत ग्लिसरिन बाष्प ओढते, म्हणून शेवटचा भाग शोषकपात्रात करावा. घाई केल्यास नमुना सुकलेल्या मनुकेसारखा सुरकुततो आणि परत येत नाही. स्लाइडवर आच्छादन काचेखाली काचतंतूंचा आधार द्यावा, नाहीतर नमुना चेपून रुंदी खोटी येते.

पार्श्वरेषा (शरीराच्या बाजूंवरील उभ्या रेषा) आणि शिश्नकंटकांचे (नराच्या संभोगावेळच्या कठीण काट्यांचे) बारकावे दाखवण्यासाठी काही नमुने ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवावेत.

टप्पा ८: मोजमाप आणि वैशिष्ट्ये

प्रत्येक अवस्थेचे किमान वीस नमुने मोजावेत, आणि मोजण्यापूर्वी मायक्रोमीटर स्लाइडने प्रत्येक भिंगाचे अंशांकन करावे. लांबी, कमाल रुंदी, डोक्यापासून उत्सर्जन छिद्रापर्यंतचे अंतर, मज्जावलयापर्यंतचे, म्हणजे ग्रसनीभोवतीच्या मज्जातंतूंच्या कड्यापर्यंतचे अंतर, ग्रसनीची लांबी आणि शेपटीची लांबी ही मूलभूत मापे. त्यांवरून गुणोत्तरे काढतात: ए म्हणजे लांबी भागिले रुंदी, बी म्हणजे लांबी भागिले ग्रसनी, सी म्हणजे लांबी भागिले शेपटी. डी टक्के हे उत्सर्जन छिद्राचे अंतर भागिले ग्रसनी, आणि ई टक्के हे तेच अंतर भागिले शेपटी. नरांमध्ये शिश्नकंटकाची लांबी, तिचे गुदस्थानी असलेल्या शरीराच्या रुंदीशी प्रमाण, आणि मार्गदर्शक पट्टीचे शिश्नकंटकाशी प्रमाण द्यावे. शिश्नकंटक वक्र असतो, त्यामुळे माप वक्ररेषेवरून घेतले की सरळ, ते लिहावेच.

हेटेरोरॅब्डायटिसचे आयजे आधीच्या अवस्थेची कात अंगावर बाळगतात. शेपटी कातीसह मोजली की कातीविना, हे न सांगितल्यास सी आणि ई या दोन्ही आकड्यांना अर्थ उरत नाही.

आकड्यांइतकेच आकार महत्त्वाचे. हेटेरोरॅब्डायटिसच्या आयजेच्या डोक्यावर पृष्ठदंत असतो, उत्सर्जन छिद्र मज्जावलयाच्या मागे असते, आणि नराच्या शेपटीला पंखासारखी पटले असतात. स्टाइनरनेमामध्ये छिद्र मज्जावलयाच्या पुढे असते आणि नराला ती पटले नसतात. स्टाइनरनेमाच्या आयजेवरील पार्श्वपट्ट्यांची संख्या शरीराच्या मध्यभागी मोजावी, कारण टोकांकडे ती कमी होते. मादीच्या योनिओठांचा फुगवटा, गुदामागील सूज आणि नराच्या शेपटीवरील टोक दोन्ही पिढ्यांत स्वतंत्र पाहावे.

अंदाजासाठी काही मूळ आकडे हाताशी असावेत. आयजेची सरासरी लांबी हेटेरोरॅब्डायटिस इंडिकात ५२८ मायक्रोमीटर, स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सीत ५५८, अब्बासीत ५४१ आणि ग्लासेरीत ११३० आहे. पहिल्या तिघींच्या कमाल-किमान मर्यादा एकमेकींत शिरतात, आणि म्हणूनच केवळ लांबीवरून नाव ठरवणे चूक आहे.

*इशारा:* जिवंत नमुन्याचे माप आणि ग्लिसरिनमधील माप एका तक्त्यात मिसळू नका.

टप्पा ९: संकर चाचणी

जवळच्या प्रजातीचा जिवंत वाण मिळत असेल तर ही चाचणी टाळू नये. मेणकिड्याच्या रक्तद्रवाच्या एकेका थेंबात एकच आयजे वाढवून नर व मादी एकमेकांच्या संपर्काशिवाय मिळवावेत, मग वेगवेगळ्या वाणांची जोडी जमवावी. त्याच वाणाच्या नर-मादीची जोडी नियंत्रण म्हणून हवीच, कारण तिला पिल्ले झाली नाहीत तर संपूर्ण चाचणी निकामी आहे. मिश्र जोडीला पिल्ले झाली, तर ती पुढे स्वतः प्रजननक्षम आहेत का ते पाहावे. हेटेरोरॅब्डायटिससाठी दुसऱ्या पिढीचे अस्पर्शित नर-मादी घ्यावे लागतात, उभयलिंगी घेतल्यास ती स्वतःच पिल्ले देऊन निष्कर्ष बिघडवतात.

टप्पा १०: वर्णन, नाव आणि नमुने जमा करणे

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आता नवी प्रजाती म्हणून स्पष्ट उल्लेख, एकच निश्चित होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकमेव नमुना) आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला हे मूळ निबंधातच लिहावे लागते. स्टाइनरनेमामध्ये होलोटाइप म्हणून बहुधा पहिल्या पिढीचा नर निवडतात. निबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी करून तो क्रमांक निबंधात छापणे आवश्यक आहे. नुसता प्रबंध विद्यापीठात जमा केल्याने नाव वैध होत नाही, म्हणून प्रबंधात ते नाव छापू नये, तेथे वाणाचा क्रमांकच वापरावा.

स्थळावरून विशेषण केल्यास ते प्रजातिसमूहाच्या लिंगाशी जुळायला हवे. हेटेरोरॅब्डायटिस स्त्रीलिंगी असल्याने शेवट ‘एन्सिस’ चालतो, स्टाइनरनेमा नपुंसकलिंगी असल्याने तो ‘एन्से’ होतो. हेटेरोरॅब्डायटिस इंडिका मुळात ‘इंडिकस’ म्हणून प्रसिद्ध झाली होती, ती या नियमाने दुरुस्त झाली.

वर्णनानंतर ‘संबंध’ हा भाग येतो, आणि परीक्षक तोच सर्वाधिक बारकाईने वाचतो. जवळच्या प्रत्येक प्रजातीपासून आपला वाण नेमका कोणत्या लक्षणांनी वेगळा, हे मूळ वर्णनातील आकडे शेजारी ठेवून लिहावे. ‘लांबी थोडी जास्त’ अशी वाक्ये गाळावीत. सहजीवी जिवाणूची ओळखही सोबत द्यावी: स्टाइनरनेमाबरोबर झेनोरॅब्डस, हेटेरोरॅब्डायटिसबरोबर फोटोरॅब्डस, आणि दुसरेच काही निघाले तर वाण दूषित आहे का ते आधी पाहावे.

होलोटाइप आणि काही पॅराटाइप (वर्णनात वापरलेले होलोटाइपसोबतचे इतर नमुने) कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत द्यावेत, उरलेले पॅराटाइप दुसऱ्या मान्य संग्रहात, उदाहरणार्थ नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील राष्ट्रीय सूत्रकृमी संग्रहात. डीएनए अनुक्रम टाइप वाणाच्या क्रमांकासह विदापेढीत भरावेत. जिवंत वाण दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत असावा. अळ्यांवरून पिढ्यानपिढ्या वाढवत नेलेला वाण हळूहळू बदलतो, म्हणून सुरुवातीच्या पिढीचे आयजे वेगळे राखावेत, ठरावीक अंतराने ताज्या अळ्यांतून काढावेत, आणि प्रत्येक भांड्यावर कितवी पिढी ते लिहावे.